माळावर बिया फेकू नका

वळवाचा पाऊस पडला की तो संदेश फोनवर येतोच. यंदाही सोसायटीच्या ग्रुपवर आला, नात्यातल्या ग्रुपवर आला, शाळासोबत्यांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: आंबा, फणस, जांभूळ खाल्लं की बिया कचऱ्यात टाकू नका, धुऊन, उन्हात वाळवून पिशवीत भरा, गाडीत ठेवा आणि प्रवासात उघडा माळ, पडीक जमीन दिसेल तिथे फेका. पावसात आपोआप झाडं येतील, पाऊस वाढेल, दुष्काळ हटेल.

पाठवणाऱ्यांच्या मनात खोट नाही, हे मला ठाऊक आहे. त्यात माझी सख्खी मावशीही आहे. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी बियांचंच. हरभरा, ज्वारी वर्षभर कणगीत राहते, तसं या तीन बियांचं नाही. आंबा, फणस आणि जांभूळ यांच्या बिया ओल्या असतात तोवरच जिवंत. वाळवल्या की आतला अंकुर मरतो. जांभळाची बी तर उन्हात काही दिवसांत संपते. म्हणजे संदेशात सांगितलेली काळजी जितकी मनापासून घ्यावी, तितकी उगवण्याची शक्यता कमी. त्यातून एखादी रुजलीच, तर वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पावसाच्या, वीतभर मातीच्या मुरमाड माळावर फणस जगवणार कोण?

पण माझं खरं भांडण 'पडीक' या शब्दाशी आहे. हा शब्द महसुली आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, असा इंग्रजांच्या काळापासूनचा हिशेब, आणि आजही सरकारी नकाशांत आपले कितीतरी माळ पडीक म्हणूनच रंगवलेले असतात. धनगराला विचारा. तो त्याच माळावरचं पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवतं वेगवेगळी ओळखतो, कोणतं कधी कोवळं असतं ते सांगतो. त्याच्या मेंढ्या तिथे वाढतात आणि उन्हाळ्यात शेतकऱ्याच्या रानात बसतात, लेंडीखत देतात. लांडगा त्याच माळावरच्या घळीत पिल्लं घालतो. चिंकारा, काळवीट यांना आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांना मोकळंच रान लागतं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे आणि ते आहे जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य तर २.१७. एवढ्याशा तुकड्यांत आपण त्यांना बसवलंय आणि बाहेरचा माळ 'रिकामा' म्हणून वाटून टाकतोय.

माळढोक पक्ष्याची गोष्ट याहून कडू आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य त्याच्यासाठी १९७९ मध्ये जाहीर झालं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, ना घरटं ना आडोसा. तिची सगळी भिस्त लांबवर नजर जाण्यावर. तिथे झाडं दाट झाली की धोका दिसत नाही आणि कावळ्यांना अंड्यांवर टेहळणी करायला फांद्या मिळतात. आज देशभरात दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत, बहुतेक राजस्थानात. आमच्याकडे एखादा दिसला तरी बातमी होते. यामागे शिकार, शेतीचा विस्तार आणि विजेच्या ताराही आहेत, सगळा दोष झाडांचा नाही. पण माळाला जंगल करण्याच्या हौसेनेही त्याचं घर आखडत नेलं.

'पूर्वी इथे घनदाट अरण्य होतं, आपण ते तोडलं' अशी पुरवणी या संदेशाला हमखास जोडलेली असते. कोकणात, घाटात तोड झाली, हे खरंच. पण दख्खनचा माळ तोडीतून उघडा पडलेला नाही. संशोधकांनी मध्ययुगीन मराठी काव्यं, चरित्रं, लोककथा तपासून २०२५ मध्ये मांडलं की गवत आणि विरळ काटेरी झाडांचं हे रान किमान साडेसातशे वर्षं असंच आहे. संतांनी पाहिलेला माळ हाच.

'कोणतंही झाड चालेल, हिरवळ झाली म्हणजे झालं' याचं उत्तर कच्छमधल्या बन्नी या गवताळ कुरणात मिळतं. रणाचा खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात तिथे वेडी बाभूळ हे बाहेरून आणलेलं काटेरी झाड लावलं. म्हशींनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं, आणि आज बन्नीच्या निम्म्याहून अधिक कुरणावर तिचंच राज्य आहे. पिढ्यान्‌पिढ्या गवतावर म्हशी पोसणारे मालधारी आता चारा शोधत फिरतात. हिरवळ मात्र भरपूर.

पाणी आणि कार्बनचं थोडक्यात. कोरड्या भागात भराभर वाढणारी झाडं जमिनीतलं पाणी मुरवण्यापेक्षा उपसतात जास्त. गवताने हवेतून शोषलेला कार्बन डोळ्यांना दिसत नाही, कारण तो बहुतांशी मुळांत आणि मातीत असतो. आमच्या जवळच्या माळावर एका हौशी गटाने रांगेत खड्डे मारले, रोपं लावली, फोटो काढले. रोपं पुढच्या चैत्रापर्यंत गेली. खड्ड्यांभोवती उकरलेल्या मुरमावर गवत अजून परतलेलं नाही. आता तिथे घाणेरीचं तण वाढतंय.

झाडं लावूच नका, असं कुणी यातून काढू नये. तुटलेल्या घाटउतारावर, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर, शहरातल्या तापलेल्या रस्त्यांवर झाडं हवीतच. जांभूळ खाल्लंत तर बी ओली असतानाच, त्याच आठवड्यात पिशवीतल्या मातीत लावा. रोप हातभर झालं की जिथे दोन उन्हाळे पाणी घालू शकाल तिथे न्या. जमीन दुसऱ्याची असेल तर आधी विचारा. आणि माळ दिसला तर गाडी थांबवून, मेंढ्या राखणाऱ्या माणसाला एवढंच विचारा, ‘मामा, हे गवत कोणतं?’