ऊन आहे ना, मग ओता बिनधास्त

घरात जुन्या कीटकनाशकाचे अर्धवट डबे पडून आहेत? थिनर उरलंय? अजिबात काळजी करू नका. मागच्या नाल्यात सरळ रिकामे करा. कोणी हटकलंच, तर आमच्या शेजाऱ्यांनी परवा मला ऐकवलं तेच ऐकवा, "अहो, दोन दिवस कडक ऊन पडलं की विघटन होतं सगळं. विज्ञान आहे ते!" बोलताना चेहऱ्यावर थोडी कीव आणावी, वजन पडतं.

ओतायला शक्यतो रात्रीची वेळ निवडा. सूर्य नसेना का, सकाळी येऊन बघून घेईल.

पाणी जितकं गढूळ तितकं उत्तम. गढूळ पाण्यात अतिनील किरण वरच्या काही सेंटिमीटरमध्येच गारद होतात, त्यामुळे खालच्या गाळात तुमच्या रसायनाला निवांत मुक्काम करता येतो.

शिसं ओतत असाल, तर उन्हाला जरा जास्त मुदत द्या. मूलद्रव्य आहे ते. विश्व संपेपर्यंत वाट पाहिलीत तरी त्याचं ऊन काही करू शकणार नाही.

हवेत सोडायचं असेल तर काय, आनंदच. तिथे खरोखर एक कामसू गडी आहे, हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक भलताच उतावळा तुकडा. अतिनील किरण ओझोनचा रेणू फोडतात, सुटलेला ऑक्सिजनचा अणू पाण्याच्या वाफेला भिडतो आणि हा जन्माला येतो. जगतो जेमतेम सेकंदभर, पण तेवढ्यात समोर येईल त्याचा लचका तोडतो. कार्बन मोनॉक्साइडचा निकाल तो काही आठवड्यांत ते महिन्यांत लावतो, मिथेनला मात्र दशकभर लागतं. (दोन दिवस कुठे गेले, ते शेजाऱ्यांना विचारा.) गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइडही उन्हात फुटतो बरं का! फुटून जमिनीलगत ओझोन तयार करतो आणि तो आपल्या छातीत जातो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागचं हे रसायन रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास उलगडून दाखवलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. विघटन झालं म्हणजे विषय संपला, हे मनाशी पक्कं धरा. फुटलेल्या रेणूचे तुकडे कुठे जातात, असल्या भोचक चौकशा करू नका. पॅराथिऑन या कीटकनाशकाचं हवेत, उन्हात पॅराऑक्सॉन होतं, ते मूळ विषापेक्षा जास्त जहाल, पण विघटन तर झालं ना? साबणांत वर्षानुवर्षं घातलेलं ट्रायक्लोसान पाण्यात उन्हाने मोडतं आणि त्यातून थोडं डायऑक्सिन या जहाल विषांच्या कुळातलं संयुग निघतं. वा! गुरांची वाढ व्हावी म्हणून देतात त्या ट्रेनबोलोन हार्मोनचे अवशेष तर दिवसा उन्हात मोडतात आणि अंधार पडला की त्यातले काही पुन्हा जुळून मूळ रूपात हजर होतात. हे २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे दुपारी नमुना घेऊन 'पाणी स्वच्छ' असा शेरा मारायचा आणि रात्री मासे काय भोगतात ते बघायला कोणी जागं नसतं! आणि सीएफसी, म्हणजे जुन्या फ्रिजमध्ये असायचा तो वायू? खालच्या हवेत ऊन त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. ते पार स्थितांबरात, म्हणजे ओझोनच्या थरापर्यंत चढतं, तिथे फुटतं आणि सुटलेला क्लोरीन ओझोनचा थर कुरतडतो. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच हा इशारा दिला होता. फुटणं हाच तिथे घात होता. तरी आम्हाला शिकवायचं, विघटन होतं म्हणून!

पीएफएएस, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यांसारख्या वस्तूंसाठी वापरली जाणारी चिवट फ्लोरिन-संयुगं, तर उन्हाला भीकच घालत नाहीत.

आता जरा सरळच बोलतो. ऊन काम करतं, पुष्कळ करतं, ते नसतं तर ही हवा आपल्याला सोसली नसती. पण ज्या रेणूला तो प्रकाश शोषता येतो तोच प्रकाशाने थेट फुटतो, आणि सुमारे २९० नॅनोमीटरखालचे जोरकस किरण तर ओझोन वरच्या वर अडवतो. बाकीच्यांचं नशीब हायड्रॉक्सिलसारख्या मध्यस्थांवर. कुठलं रसायन, किती, कशात, किती खोल, हे काही ठाऊक नसताना डबा उपडा करायचा आणि वर 'विज्ञान' म्हणायचं, याला निर्लज्जपणा म्हणतात. झाकण घट्ट लावा, लेबल फाडू नका, घातक कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. तोवर डबा स्वतःच्या घरात ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही असा. वास येतो म्हणता? आम्हालाही परवापासून येतोय.