सयाजीरावांनी पुस्तकं विकत घेतली होती

गेला महिनाभर बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सोबत साडेतीनशे मराठी पुस्तकांच्या पीडीएफची लिंक. मजकूर थोडक्यात असा: ‘सयाजीरावांनी या शहरात ज्ञान फुकट वाटलं. पीडीएफ पाठवणं हेही ज्ञानदानच. लेखकाच्या हातात तसंही काही पडत नाही, सगळं प्रकाशक खातो. फुकट वाचणारा पुस्तक विकत घेणार नव्हताच. उलट लेखकाची जाहिरात होते. आणि बडोद्यात मराठी पुस्तकं मिळतात कुठे?’ मला तो पाच जणांनी पाठवला, पाचही जण जवळचे. त्या साडेतीनशेत माझंही एक पुस्तक आहे. मी गुजरातीतून मराठीत भाषांतरं करते.

आधी सयाजीराव, कारण त्यांचं नाव पुढे केलं की आपल्याकडे कुणी वाद घालत नाही. महाराजांनी वाचकाला फुकट दिलं, हे खरंच आहे. १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचं जाळं विणलं, लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं खेडोपाडी पाठवली. पण पैसा कुठून आला तेही पाहा. गावानं वर्गणी जमवायची, तेवढीच भर पंचायतीनं घालायची आणि तेवढीच सरकारनं, अशी ती योजना होती. १९१२ मध्ये महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढले आणि त्यांच्या व्याजातून ग्रंथ लिहवून घेतले, भाषांतरं करवून घेतली. माझ्यासारख्या भाषांतरकाराचं काम त्या व्याजावर चाललं. वाचकाला फुकट मिळावं म्हणून दुसरं कुणीतरी पैसे मोजत होतं. आजच्या ‘ज्ञानदाना’त पैसे कुणीच मोजत नाही आणि दान मात्र माझ्या मेहनतीचं होतं.

‘मग लायब्ररीत तरी काय वेगळं?’ असं एका काकांनी विचारलं. काका, मांडवीजवळच्या आपल्या सेंट्रल लायब्ररीत तुम्ही एक पुस्तक घरी नेलं की ते परत येईपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही. ते फाटलं की नवी प्रत घ्यावी लागते. पीडीएफ एकदा सुटली की हजार घरांत एकाच वेळी असते आणि कधी फाटत नाही.

आता ‘लेखकाला काही मिळत नाही’. थोडं मिळतं, आणि थोडं आहे म्हणूनच ते जपायला हवं. माझ्या पुस्तकाची किंमत ३०० रुपये. रॉयल्टी दहा टक्के. त्यातले तीन टक्के मूळ लेखकाचे, सात माझे. म्हणजे एका प्रतीमागे मला २१ रुपये. आवृत्ती ५०० प्रतींची. सगळी संपली तर १०,५०० रुपये, चौदा महिन्यांच्या कामाचे. प्रकाशक खातो म्हणता, तर विक्रेत्याचं कमिशनच तीस-चाळीस टक्के असतं; वर कागद, छपाई, मुखपृष्ठ, गोदाम. गैरव्यवहार करणारे प्रकाशक आहेत, रॉयल्टीचा हिशेब वर्षानुवर्षं न देणारेही आहेत; मला त्यांचा अनुभव आहे. पण प्रकाशकानं माझे २१ रुपये बुडवले तर मी त्याच्या दारात जाऊन मागू शकते. पीडीएफवाल्याकडे काय मागू?

‘विकत घेणार नव्हताच’ हा मुद्दा सगळ्यांना पटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. साडेतीनशे पीडीएफ उतरवून घेणारा साडेतीनशे पुस्तकं विकत घेणार नव्हता, हे कबूल. प्रत्येक डाउनलोडला एक विक्री बुडाली असा हिशेब मी करत नाही. पण आमच्या भिशीत अकरा जणी आहेत. त्यातल्या चौघींनी माझी आधीची दोन्ही पुस्तकं विकत घेतली होती. तिसऱ्याच्या वेळी त्यातल्या तिघी म्हणाल्या, ‘अगं, वाचलं की! ग्रुपवर आलं होतं. छान झालंय.’ कौतुक अगदी मनापासून होतं.

तीन प्रती म्हणजे माझे ६३ रुपये. त्यांनी मी गरीब होत नाही. पण मराठीत ५०० ची आवृत्ती म्हणजे सगळा खेळ शंभर-दीडशे प्रतींचा. माझ्या पुस्तकाच्या पहिल्या ३७० प्रती वर्षभरात गेल्या. मग पीडीएफ आली आणि उरलेल्या १३० गोदामात बसल्या. सगळा दोष पीडीएफचा आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या १३० प्रतींमुळे दुसरी आवृत्ती निघाली नाही आणि पुढच्या पुस्तकाला प्रकाशक म्हणाले, ‘ताई, आधी हे संपू दे.’ एका गुजराती लेखिकेच्या कथांचं निम्मं भाषांतर दोन वर्षं माझ्या कपाटात आहे. न लिहिलेलं, न छापलेलं पुस्तक कुणाच्याच हिशेबात येत नाही, पण नुकसान होतं ते तिथे. विकत घेणाऱ्याचं होतं आणि फुकट वाचणाऱ्याचंही.

जाहिरातीचं म्हणाल तर ऐका. मध्यंतरी एका बाईंचा फोन आला. चांगल्या वाचक वाटल्या. म्हणाल्या, ‘ताई, कथा रंगात आली आणि एकदम तुटली. संपादन नीट झालेलं नाही.’ मी घाबरून प्रत काढली, सगळं ठीक होतं. मग ती पीडीएफ उघडून पाहिली. पान ४६ नंतर थेट ४९. स्कॅन करणाऱ्याकडून मधली दोन पानं सुटली होती. ११२ व्या पानावर खालच्या तीन ओळींवर त्याचा अंगठा आहे, नखाला मेंदी लागलेली. ही माझी जाहिरात! चुका त्याच्या, नाव माझं.

‘शैक्षणिक हेतूसाठी’ असं खाली लिहिल्यानं काही सुटत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या अभ्यासासाठी रास्त वापराची मुभा आहे, अख्खं पुस्तक गावभर वाटण्याची नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो खरा आहे. बडोद्यात दांडिया बाजारात राहून मराठी पुस्तक हाताळून, चाळून घेणं अवघड झालंय. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्यानं पुस्तकांची स्वस्त रजिस्टर सेवा बंद केली, तेव्हा पुण्याहून एक पुस्तक मागवणं फार महागात पडायचं. पण १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालंय: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. सात-आठ घरांनी मिळून एक पार्सल मागवलं तर माणशी पंधरा रुपयांच्या आसपास पडतात. आणि फुकटच हवं असेल तर हक्कानं घेण्यासारखं पुष्कळ आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून सगळ्यांचं आहे. हरिभाऊ आपटे तर केव्हाचेच मोकळे. मराठी विकिस्रोत या ऑनलाइन मुक्त ग्रंथालयात अशी पुस्तकं आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनं पीडीएफ फुकट देतं. त्या लिंक फिरवा, मीही फिरवीन.

ग्रुपच्या ॲडमिनना मी त्या साडेतीनशेची लिंक काढायला सांगितलंय. माझ्या पुस्तकाच्या दोन प्रती शनिवारी मंडळाच्या कपाटात ठेवते. वहीत नाव लिहा, घरी न्या, पंधरा दिवसांनी आणून द्या. ४७ आणि ४८ ही पानं त्यात आहेत.