खुलासा : घड्याळाच्या चित्राचा मेसेज

"लकवा झालेल्याला घड्याळाचं चित्र काढायला सांगा, चुकलं तर डोकं कायमचं गेलं" हा मेसेज आपल्या गल्लीच्या ग्रुपवर मीच टाकला होता. चुकलं माझं.

मामांच्या थेरपिस्टने काल कागदच दाखवला. मोका (MoCA) नावाची स्मरण, लक्ष वगैरे तपासणारी चाचणी, त्यात एकूण ३० गुणांपैकी घड्याळाच्या चित्राला फक्त ३ गुण. एकूण २६ च्या खाली आलं तर पुढची तपासणी. ते निदान नव्हे. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात.

मामांनी सगळे आकडे उजवीकडेच कोंबले होते. लकव्याचा झटका मेंदूच्या उजव्या बाजूला, म्हणून डावी बाजू ध्यानातच येत नाही. स्मरण शाबूत आहे. आणि सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्याची परीक्षा मराठीत घेतली, तर गुण जाणारच की!

मेसेज काढलाय. तुम्हीही पुढे पाठवू नका.