अस्वलाची छत्री कुठे गेली?

आमच्या घरात गेले चार महिने एका अस्वलाला झोप येत नाहीये.

रोज रात्री नऊच्या सुमाराला ते गुहेत कूस बदलतं, वैतागून उठतं, बाहेर पाऊस आहे म्हणून लाल छत्री घेतं आणि झोप कशी आणायची हे विचारायला जंगलात निघतं. आधी सशाकडे, मग घुबडाकडे, मग कासवाकडे. जो तो आपापला उपाय सांगतो. एकाचाही उपयोग होत नाही. शेवटी पायपिटीनेच दमून ते घरी येतं आणि पडल्या पडल्या घोरायला लागतं. संपली गोष्ट. हे पुस्तक आम्ही झोपताना वाचायचं म्हणून आणलं होतं. ज्या साडेतीन वर्षांच्या पोरीला झोपवायचंय, तिलाच ‘झोप येत नसेल तर उठावं, छत्री घ्यावी आणि शेजारीपाजारी हिंडून यावं’ असं रोज वाचून दाखवायचं, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

पुस्तक ३२ पानांचं. मुलांची चित्रांची पुस्तकं बहुतेक ३२ पानांचीच का असतात, असं मी एकदा छपाईतल्या मित्राला विचारलं होतं. मला वाटलं, यामागे बालमानसशास्त्र वगैरे असेल. तो म्हणाला, “मानसशास्त्र कसलं डोंबलाचं, घड्या आहेत घड्या.” मोठा ताव दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की आठाच्या पटीत पानं निघतात, सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे एकत्र शिवले की ३२. कागद वाया जात नाही. कागदाचा विचार झालाय, बापाचा कोणी केलेला नाही. खरं तर पानावर दोन-दोन ओळीच आहेत. मनातल्या मनात वाचलं तर अख्खं पुस्तक तीन मिनिटांत होतं, मी मोबाइलवर वेळ लावून पाहिलंय. अंथरुणात त्याला पन्नास मिनिटं लागतात.

त्याआधी आमच्याकडे जाड पुठ्ठ्याची पुस्तकं होती. मुलांनी चावली तरी फाटू नयेत म्हणून ती तशी करतात. उताणं पडून वाचताना बापाला डुलकी लागली की ती थेट नाकावर येतात, हेही करणाऱ्यांना ठाऊक असावं. कोपरे गोल असतात.

आता आवाजांचं सांगतो. हे पुस्तक घरात आलं त्या रात्री मला भयंकर सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, घसा बसलेला. त्या आवाजात मी अस्वल वाचलं. पोरगी खूश. दुसऱ्या रात्रीही सर्दी होती, तिसऱ्या रात्रीही. चौथ्या दिवशी मी बरा झालो आणि रात्री माझ्या नेहमीच्या, स्वच्छ, माझ्या मते बऱ्यापैकी भारदस्त आवाजात म्हणालो, “अस्वलाला झोप येत नव्हती.”

“हे अस्वल नाहीये,” पोरगी म्हणाली.

तेव्हापासून मी रोज रात्री नाक आतून बंद करून अस्वल बोलतो. ते कसं करायचं हे लिहून सांगता येत नाही, पण त्याने कान दुखतात. बायकोची पाळी असते तेव्हा तीही बिचारी माझ्या सर्दीची नक्कल करते. चार महिन्यांपूर्वी गेलेली सर्दी आमच्या घरात अशी जतन करून ठेवली आहे.

या बाबतीत मी एकटा नाही, याचा मला थोडा आधार वाटतो. मुलांसाठी मुद्दाम केलेल्या अगदी सुरुवातीच्या सचित्र पुस्तकांमध्ये ज्याचं नाव घेतात, ते कोमेनियस नावाच्या मास्तरांचं ‘ऑर्बिस पिक्टस’. १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलेलं. त्यात आरंभीच मुळाक्षरं आहेत आणि अक्षरागणिक चित्र नि आवाज. त्यात मांजर ‘नाउ नाउ’ म्हणतं, घुबड ‘ऊ ऊ’, ससा ‘वा’, आणि अस्वल ‘मुम मुम’. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही कोणीतरी सुशिक्षित गृहस्थ दिवसभराची कामं आटोपून पोराच्या शेजारी ‘मुम मुम’ करत बसत असणार. कासव मात्र त्या मास्तरांनी शिताफीने टाळलंय. माझ्या वाट्याला आलंय. कासव कसं बोलतं? मी ते फार हळू बोलवायला गेलो, आणि कासवाच्याच वाक्यात मला झोप लागते. कायम.

आणि इथेच पाप घडतं. एका रात्री मी अंगठ्याने दोन पानं एकत्र उलटली. अगदी सफाईने. अस्वल घुबडाकडून सरळ घरी.

“बाबा, कासव राहिलं.”

हिला ‘अ’ आणि ‘ब’ यांतला फरक कळत नाही, पण माझी एक ओळ खपवून घेत नाही. ‘हळूहळू’च्या जागी ‘सावकाश’ म्हणालो, तर मागे जाऊन दुरुस्त करायला लावलं. एकदा घुबडाच्या पानावर माझे डोळे मिटले आणि तोंड चालू राहिलं. मी नाही ऐकलं, पण बायकोने दुसऱ्या खोलीतून ऐकलं, की घुबड अस्वलाला म्हणालं, “मी चेक करतो आणि सोमवारपर्यंत रिव्हर्ट करतो.” पोरीने हे निमूट ऐकून घेतलं. मी जागा झालो ते तिने कोपराने ढोसलं तेव्हा. दुसऱ्या रात्री मी घुबडाचं छापील वाक्य वाचलं, तर म्हणाली, “आणि रिव्हर्ट?”

आमचं घुबड आता रोज रिव्हर्ट करतं. तो शब्दही दुरुस्त करायची सोय नाही.

पण हे सगळं परवडलं. माझा खरा घात केला तो छत्रीने.

तेराव्या पानापर्यंत अस्वलाच्या हातात छत्री आहे. लालभडक, लांबून दिसेल अशी. पंधराव्या पानावर अस्वल कासवाशी बोलतंय, पाऊस धो धो कोसळतोय, आणि हात रिकामे. मजकुरात छत्रीबद्दल अक्षर नाही.

“छत्री कुठे गेली?”

पहिल्या वेळी मी सहज म्हणालो, “ठेवली असेल झाडामागे.”

“कुठल्या?”

पानावर सात झाडं होती. तिने ती मोजली, एक, दोन, तीन, पाच. प्रत्येकाच्या मागे काय आहे यावर चर्चा झाली. दुसऱ्या रात्री मी घाईत होतो, म्हटलं वाऱ्याने उडाली. तिसऱ्या रात्री म्हटलं घुबडाला दिली. मग ती म्हणाली, “काल तू म्हणालास उडाली. आणि पहिले म्हणालास झाडामागे.” उलटतपासणीत सापडलेल्या साक्षीदारासारखा मी छताकडे बघत राहिलो. बायकोचा सल्ला साधा होता: “चित्रकार विसरला असेल, सांगून टाक.” तसं सांगितलं. पोरगी काही बोलली नाही. तिने फक्त माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं. त्या चित्रकाराबद्दल मात्र माझ्या मनात कायमची अढी बसली. एक छत्री लक्षात ठेवता येत नाही?

याच सुमारास मी मुलांना वाचून दाखवण्यावरचं संशोधन वाचायला लागलो. अडचणीत सापडलेला माणूस शास्त्राकडेच वळतो. १९८८ साली व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना नुसतं वाचू नका, मोकळे प्रश्न विचारा, मुलालाच बोलतं करा असं शिकवलं, आणि महिन्याभरात त्या मुलांची भाषा सुधारलेली दिसली. मी त्याच रात्री विचारलं, “अस्वलाला आत्ता काय वाटत असेल?”

“शू,” पोरगी म्हणाली. आम्ही जाऊन आलो. त्यानंतर मी मोकळे प्रश्न बंद करून सोपे विचारू लागलो. ससा कुठाय? चंद्र कुठाय? घुबडाचे डोळे किती? ती बोट ठेवून दाखवायची, मी “शाबास!” म्हणायचो. आपण पालक म्हणून काहीतरी पद्धतशीर करतोय असं वाटायचं.

२०११ सालच्या एका इंग्लंडमधल्या अभ्यासात असं आढळलं, की तीन वर्षांची मुलं नवनव्या गोष्टींपेक्षा तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून नवे शब्द चांगले शिकतात. म्हणजे माझ्या छळाला आता शास्त्राधारही मिळाला. आणि त्याआधी, २००५ साली, कॅनडातल्या दोन संशोधकांनी वाचून दाखवत असताना मुलांची नजर कुठे फिरते हे यंत्राने टिपलं. मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्राकडेच बघत होती, मजकुराकडे नावापुरती. मी हे वाचून जरा खट्टू झालो. ज्या ओळींसाठी मी नाक चोंदवून घेतो, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मग ही रोज बघते तरी काय?

त्या रात्री ती साडेदहाला झोपली. माझा डावा हात तिच्या मानेखाली, त्याला मुंग्या आलेल्या. हात काढून घेणं म्हणजे बॉम्ब निकामी करण्याचं काम: आधी करंगळी, मग मनगट, मध्ये श्वास रोखायचा. हात सुटला, उठलो, आणि नेहमीप्रमाणे गुडघा कटकन वाजला. तिने कूस बदलली. मी एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिलो. मग पुस्तक उचलून बाहेरच्या खोलीत आलो आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा, त्यातली ओळ न वाचता नुसती चित्रं बघितली.

बाराव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, पानाच्या घडीला लागून, एक बेडूक होता. नखाएवढा, ओलाचिंब, अस्वलाकडे मान वर करून बघणारा. तेराव्या पानावर तो अस्वलाच्या अगदी पायाशी होता. पंधराव्यावर नव्हता. एकोणिसाव्यावर कासवाच्या पाठीमागे गवतातून काहीतरी लाल डोकावत होतं. मी त्याला इतके दिवस फूल समजत होतो. सत्ताविसाव्यावर लांब नदीत एक लाल ठिपका. आणि गोष्ट संपल्यावर, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, जिथे एक अक्षर नसल्यामुळे मी कधी पोचलोच नव्हतो, तिथे छत्री उलटी होऊन पाण्यावर तरंगत होती आणि आत बेडूक पोटावर हात ठेवून झोपला होता. बहुतेक अस्वलाच्याही आधी.

अख्ख्या मजकुरात ‘बेडूक’ हा शब्द नाही. मी ते पुस्तक रोज दोनदा धरलं तरी दोनशेच्या वर वेळा वाचलंय.

मी जाऊन बायकोला उठवलं आणि दाखवलं. ती एक डोळा उघडून म्हणाली, “तू झोप आता.”

दुसऱ्या रात्री मी पंधराव्या पानाची वाट बघत होतो. इतकी, की कासवाच्या वाक्यात झोपही आली नाही.

“छत्री कुठे गेली?”

“बेडकाने नेली!” मी जवळजवळ ओरडलोच. मागे जाऊन बारावं पान दाखवलं, पुढे जाऊन गवत दाखवलं, नदी दाखवली, मलपृष्ठ उघडून बेडकावर बोट ठेवलं.

“हो,” पोरगी म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग रोज मला का विचारत होतीस?”

“तू पण विचारतोस ना. ससा कुठाय, चंद्र कुठाय.” मग तिने माझ्या गालावर थोपटलं. “शाबास, बाबा. आता परत पहिल्यापासून. सर्दीने.”