लग्नाची कॅसेट

चौदाशेवरून नऊशेवर आणलं होतं मी दुकानदाराला. तेवढ्यात ते काका बोलले.

झालं असं, की माळ्यावर माझा जुना व्हिडिओ गेम सापडला. नव्वदच्या दशकातला, पिवळ्या कॅसेटचा. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ आणि आत मोजून पाच गेम. चालू आहे! पण नव्या टीव्हीला पिवळी पिन खुपसायला भोकच नाही. म्हटलं, मधे एखादं डबडं लावून चित्र लॅपटॉपवर घेऊ. शनिवारी स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे. त्या नावानं पत्ता विचारून बघा एकदा.)

“व्हिडिओ कॅप्चर, एव्ही इनपुटवालं,” मी म्हणालो.

घासाघीस होऊन नऊशेवर आल्यावर दुकानदारानं विचारलं, “कॅसेट कन्व्हर्ट करायचीय?”

“कॅसेटच, पण...”

“लग्नाची,” शेजारून काका म्हणाले. हातात सीसीटीव्हीचा जळका अडॅप्टर. आवाजावरून सोसायटीचे सेक्रेटरी असावेत.

“लग्नाची नाही, गेमची. मारिओ.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हां, म्हणजे पोराला हवंय.”

इथे खरं बोलायला हवं होतं. मी “हो” म्हणालो. मला मूल नाही. लग्नच नाही, कॅसेट कुठली असणार!

“कितवीत?”

“सहावीत.”

“माझा धाकटापण खेळायचा. दिवसभर टीव्ही अडवून. ती राजकन्या सापडली का हो शेवटी?”

“आठव्या किल्ल्यात,” माझ्या तोंडून निघून गेलं.

दुकानदारानं मान वर केली. काका मात्र खूश. “ऐक रे, लहान मुलाचा प्रश्न आहे. नऊशेवालं कसलं देतोस? चांगलं दे त्यांना.”

दुकानदार टपलेलाच होता. त्यानं तसलंच काळं डबडं दुसऱ्या खोक्यातून काढलं. खोक्यावर ठळक ‘१०८०पी’, म्हणजे १०८० ओळींचं चित्र. बाराशे. आता घासाघीस करायची म्हणजे पोटच्या पोरासाठी हात आखडणारा बाप ठरायचं. नसलेल्या मुलापायी तीनशे रुपये गेले.

घरी येऊन जोडलं. मारिओ उभा असेपर्यंत ठीक. धावला की अंगाला फणीचे दात फुटतात. कारण हा गेम दर वेळी २४० ओळींचं अख्खं चित्र काढतो, सेकंदाला ५० वेळा. डबड्याला सवय जुन्या टीव्ही-सिग्नलची, एकदा विषम ओळी, एकदा सम. त्याला वाटतं प्रत्येक चित्र अर्धंच आहे. म्हणून ते पुढचं चित्र आणून आधीच्यात विणतं. दोन वेगवेगळ्या क्षणांचे मारिओ एकमेकांत घुसतात. खोक्यावर १०८० छापायला कोणाचं काय जातं? साधे २४० तर कळत नाहीत! ज्यांना कळतात ती यंत्रं आहेत, पण परदेशातून मागवा, वर ड्युटी भरा. तेवढ्या पैशांत असे गेम पोतंभर येतील. गरिबानं जुनं खेळूच नये की काय?

काल बदलून घ्यायला गेलो. बिल नव्हतंच, पावतीच्या चिठ्ठीवर ‘नो रिटर्न’चा शिक्का. तरी गेलो. दुकानदारानं लांबूनच ओळखलं.

“काय म्हणतो मुलगा? आवडलं ना?”

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. त्यातल्या एका मावशींनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं.

“परीक्षा चालू आहे त्याची,” मी म्हणालो, आणि डबडं पिशवीतून न काढताच परतीची स्लो पकडली.