अ‍ॅव्हेंजरला स्विफ्टचा टायर बसवण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: 'बाईकला मागे कारचा टायर बसवा. चौपट टिकतो, जास्त वजन पेलतो, पावसात घसरत नाही. अमेरिकेत होंडा गोल्डविंग बाईकवाले हेच करतात. तीनचाकी बाईकला तर कारचेच टायर असतात.' यंदा मागचा टायर लवकर झिजला तेव्हा एका मित्राने त्याच्या बजाज अ‍ॅव्हेंजर बाईकसाठी कुर्ल्याला जाऊन कारच्या टायरचा भावसुद्धा काढला, म्हणून हे लिहितोय.

मोह का होतो ते कळतं. अ‍ॅव्हेंजरचं मागचं चाक १५ इंची, टायर १३०/९०-१५. स्विफ्टचा १८५/६५ आर१५. यातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, शेवटचा चाकाचे इंच. दोघांच्या व्यासात जेमतेम साडेसहा मिलिमीटरचा फरक. पण रुंदी ५५ मिलिमीटर जास्त, ती चेन आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मधे मावणार कुठे? त्यात हा टायर पाच इंच किंवा त्याहून रुंद रिमसाठी बनलेला, आणि बाईकच्या रिमवर बीड (टायरची आतली तारेची कड) बसायची जागाही वेगळ्या घडणीची. बीड बसेना म्हणून हवा ठोकत गेलं आणि बीड तुटली, तर आधी टायरवाल्याचा हात जातो.

वजनाचं म्हणाल तर अ‍ॅव्हेंजरच्या टायरवर ६६ हा भाराचा सांकेतिक आकडा लिहिलेला असतो, म्हणजे ३०० किलो, तेही एका चाकावर. मागे बायको आणि सामान घेऊन लोणावळ्याला जायला पुष्कळ झालं. कारच्या टायरचा आकडा ८८, म्हणजे ५६० किलो. एवढ्या कडक टायरवर बाईकचा भार पडला की तो नीट दबतही नाही. टिकतो हे मात्र खरं. रबर कडक असतं म्हणून टिकतो.

खरा घोळ वळणावर होतो. बाईक झुकवून वळवतात, म्हणून तिच्या टायरचा माथा गोल. कारच्या टायरचा माथा सपाट. झुकवलं की गाडी त्याच्या कडेवर येते आणि टायर तिला परत सरळ करायला बघतो. हँडलवर सतत जोर. आता आपले रस्ते आठवा: सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधला लांबलचक सांधा, शेजारी खचलेले पेव्हर ब्लॉक. सपाट टायरच्या एका कडेखाली तो उंचवटा आला की गाडी दुसरीकडे ढकलली जाते. दुसरीकडे बेस्टची बस असते.

कोरड्या, सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना रुंद टायरला पकड मिळते, मान्य. पावसात त्याला तेवढंच जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि वरून भार कमी. तो लवकर तरंगतो. गोल माथा पाणी कापत जातो.

गोल्डविंग साडेतीनशे किलोच्या वरची गाडी, आणि टायर कंपन्या तिलाही हे नको म्हणतात.

तीनचाकीचा मुद्दा तेवढा अर्धा बरोबर. मागे दोन चाकं लावलेली गोल्डविंग झुकत नाही, तिला कारचे टायर योग्यच. पियाजिओ एमपी३ या स्कूटरलाही तीन चाकं, पण ती झुकते. तिला बाईकसारखेच गोल टायर लागतात. आपली रिक्षा झुकत नाही, तरी तिचा ४.००-८ चा टायर वेगळाच. आपल्याकडे मानकंसुद्धा वेगळी आहेत: दुचाकी-तीनचाकीच्या टायरला आयएस १५६२७, कारच्या टायरला आयएस १५६३३.

मित्राचा टायर इतक्या लवकर का झिजला, म्हणून पंपावर हवा तपासली. दहा पीएसआय कमी होती.