आधी आवाज जुळवला होता का?

दुकानात दोन प्रीअँप (सीडी प्लेअर आणि पॉवर अँपच्या मध्ये बसून आवाजाची पातळी ठरवणारं यंत्र) पाठोपाठ ऐकले आणि महागडा ‘जास्त जिवंत’ वाटला, असं लेखात म्हटलंय. पण दोन्हींची पातळी जुळवली होती का? अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. १ किलोहर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टमीटरने ०.१ डेसिबलपर्यंत जुळवा, मग बोला. आणि ऐकताना पॉवर अँप (स्पीकर चालवणारा अँप) दुकानाचा कशाला? आपलाच न्यावा, उचलून पाठ धरली तरी चालेल. सीडी प्लेअर मुळात २ व्होल्टच्या आसपास देतो, त्यामुळे प्रीअँप बहुतेक वेळ आवाज वाढवत नाही, कमीच करतो. म्हणून व्हॉल्यूम अगदी खाली आणून ऐका: गायिका मधोमध राहते की एका बाजूला सरकते? साधा पोटेन्शिओमीटर (व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता भाग) तिथेच उघडा पडतो: डावी-उजवी बाजू सारखी राहत नाही.